काट्यावरच्या गोष्टी (१७) : बँटिंगची क्लॅरेट आणि आपला चकणा

या वेळी रात्री उशिरा जेवण्याबद्दल लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, आणि त्याला कारण बँटिंगसाहेब, १८६३ साली आपल्या वजन उतरवण्याच्या पथ्यावर पुस्तिका लिहिणारे. मागच्या भागात त्यांच्या पथ्याची यादी दिली, तेव्हा जेवणाच्या टेबलावरच्या ग्लासाबद्दल मी मुद्दामच काही बोललो नव्हतो. एका ओळीत उरकण्याजोगा तो विषय नाही. पण सांगलीच्या एका वाचकांनी बँटिंगची मूळ पुस्तिकाच शोधून वाचली आणि मला लिहिलं : ‘तुमचा हा माणूस दुपारी दोन-तीन ग्लास घेतो, रात्री एक-दोन, झोपताना आणखी एक, आणि तरी वर्षभरात ४६ पौंडांनी उतरतो. मी आठवड्यातून दोनदा बसतो, एरवी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. माझा काटा उन्हाळ्यापासून जागचा हललेला नाही. त्याला जमलं ते मला का जमू नये?’

प्रश्न रास्त आहे, आणि सांगलीकरांनी वाचलंय तेही बरोबर आहे. १८६३ च्या त्या पुस्तिकेत दुपारच्या जेवणाबरोबर दोन-तीन ग्लास चांगली क्लॅरेट, शेरी किंवा मदिरा आहे. रात्रीच्या हलक्या खाण्याबरोबर एक-दोन ग्लास क्लॅरेट आहे. वर, वाटलंच तर, झोपताना जिन, व्हिस्की किंवा ब्रँडीचा बिनसाखरेचा पेला. बंदी तिघांवर : शॅम्पेन, पोर्ट आणि बिअर. पथ्य सांगणारे डॉक्टर विल्यम हार्वी हे कानाचे डॉक्टर. बँटिंग त्यांच्याकडे गेले होते ऐकू कमी येतं म्हणून. हार्वी पॅरिसला क्लोद बर्नारची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकून आले होते आणि यकृत, साखर, पिष्ट हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. पोर्ट गोड म्हणून गेली, बिअर माल्टची म्हणून गेली. कोरडी क्लॅरेट त्यांच्या हिशेबात निर्दोष ठरली. क्लॅरेट म्हणजे बोर्दोची तांबडी वाइन.

आता त्या ग्लासाचं माप बघू. केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंडमधले तीनशे वर्षांचे वाइनचे ग्लास गोळा करून मोजले आणि २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात त्याचा ताळेबंद दिला. अठराव्या शतकात ग्लासात सरासरी ६६ मिली मावायची. २०१६-१७ च्या ग्लासात ४४९. जवळजवळ सातपट! बँटिंगचा ग्लास या दोहोंच्या मधला कुठला तरी. ओतलेली वाइन १०० मिली धरली, तरी दिवसाचे सहा ग्लास म्हणजे साडेचारशेच्या आसपास कॅलरी. कमी नाहीत. पण ताटात काय होतं? दिवसभरात मिळून १२ ते १५ औंस मांस-मासे, म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम. त्याखेरीज बटाटा सोडून भाजी, थोडं फळ, औंस-दोन औंस कोरडा टोस्ट, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. आधी ते लोणी लावलेला टोस्ट, दूध-साखरेचा चहा, भरपूर ब्रेड, पेस्ट्री, बिअर आणि रात्री फळांचा टार्ट असं खात होते. तेवढं सगळं गेल्यावर क्लॅरेटला जागा झाली. शिवाय आणखी एक गोष्ट, जी सांगलीकरांच्या नजरेतून निसटली : बँटिंग जेवताना पीत होते, पिताना खात नव्हते.

आमच्याकडे उलटं असतं. त्याकडे येतोच, पण त्याआधी पत्रातल्या एका मित्राचा समाचार घ्यायला हवा. सांगलीकरांचे हे मित्र बैठकीत ठासून सांगतात की दारूच्या कॅलरी अंगाला लागतच नाहीत, ‘उडून जातात’. हे मत फार जुनं आहे. ते खोडून निघालं त्याची हकिगत मला इतकी आवडते की ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिडलटाउन नावाच्या गावात वेस्लियन विद्यापीठ आहे. तिथल्या एका इमारतीच्या तळघरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक पेटी बांधली. साधारण सात फूट लांब, चार फूट रुंद, आत एक माणूस उभा राहू शकेल एवढी उंच. आत घडीची खाट, टेबल, खुर्ची. माणसाला आत बंद करायचं आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता भिंतीतून फिरणाऱ्या पाण्यानं मोजायची. तो श्वासातून काय सोडतो तेही मोजायचं. दुहेरी दाराच्या खिडकीतून जेवण आत, बाकी सगळं बाहेर. माणसं त्यात दिवसचे दिवस राहत. वाचत, झोपत, काही प्रयोगांत जागच्या जागी सायकल मारत. अन्नातली ऊर्जा आणि अंगाबाहेर पडणारी उष्णता यांचा मेळ लागतो की नाही, हे बघायचं होतं. तो लागला, आणि आज पाकिटांवर आपण ज्या कॅलरी वाचतो त्यांचं गणित त्याच कामातून निघालं.

मग अ‍ॅटवॉटरांनी पेटीतल्या माणसाला दारू दिली. रोज ७२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारण एका बाटली क्लॅरेटमध्ये असतं तेवढं, सहा वेळांत वाटून. आणि तेवढ्याच ऊर्जेचं लोणी-साखर-पिष्ट त्याच्या ताटातून काढलं. निकाल असा की सुमारे ९८ टक्के अल्कोहोल शरीरात जळून गेलं. लघवीतून, श्वासातून, घामातून निसटलं ते दोनेक टक्के. उरलेल्या सगळ्यातून उष्णता मिळाली, जशी साखरेतून मिळते.

यावर गदारोळ झाला. मद्यपानविरोधी चळवळ तेव्हा अमेरिकेत जोरात होती आणि शाळेच्या पुस्तकांत दारू हे विष आहे, अन्न नव्हे, असं छापलं जात होतं. वेस्लियन हे मेथडिस्टांचं विद्यापीठ, अ‍ॅटवॉटर स्वतः मेथडिस्ट पाद्र्याचे चिरंजीव. आपलाच माणूस उलटला, असं चळवळीला वाटलं. दुसरीकडे दारूवाल्यांनी त्यांचं नाव आपल्या जाहिरातींत लावून टाकलं, याचा अ‍ॅटवॉटरांना मनस्वी संताप. त्यांनी दारूची भलावण कधी केली नव्हती. त्यांच्याजवळ मोजलेला आकडा होता आणि तो दोन्ही बाजूंना गैरसोयीचा होता. आज कुठल्याही आहारतज्ज्ञाला विचारा, आकडा तोच मिळेल : अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी. पिष्टाला आणि प्रथिनाला ४, चरबीला ९.

घरच्या बाटलीवर हा हिशेब कुणालाही करता येतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. हा तिरपागडा आकडा इंग्रजांच्या जुन्या मोजणीतून आलेला. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची आणि पेट घेतला तर ते मद्य ‘प्रूफ’ला उतरलं, अशी पद्धत होती म्हणतात. पुढे ती १०० अंशांची खूण ५७.१ टक्क्यांवर नक्की झाली. त्याच्या पाऊण हिश्शाला आले ४२.८. साहेब गेला, पण त्याचा ‘२५ अंडर प्रूफ’ बाटलीवर राहिला. तर ६० मिलीच्या पेगमध्ये अल्कोहोल पंचवीस-सव्वीस मिली. अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून वजनात वीसेक ग्रॅम. साताने गुणा : १४० कॅलरी. क्वार्टर म्हणजे सव्वाचारशे. साध्या बिअरची ६५० मिलीची बाटली अडीचशेच्या पुढे, स्ट्राँग असेल तर साडेतीनशेच्या वर. थम्सअप-लिम्का घातलं तर दर २०० मिलीला साखरेच्या आणखी ८०. सोडा आणि पाणी फुकट. टॉनिक वॉटर मात्र फुकट नाही. कडवट लागलं तरी त्यात साखर असते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

इथपर्यंतचं गणित शाळकरी आहे. खरी मेख पुढे.

शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही. साखर यकृतात आणि स्नायूंत ठेवता येते, चरबीला तर आपण अंगभर कोठारं बांधून ठेवलीयत. अल्कोहोलला खोली नाही. शिवाय त्याचं पहिलं रूपांतर होतं अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये, आणि ते विखारी. त्यामुळे यकृत हातातलं काम टाकून याच्या मागे लागतं. ऐन पंगतीत व्याही येऊन उभे राहावेत तसं : त्यांना आधी पान, बाकीचे थांबा. अल्कोहोलचं शेवटी अ‍ॅसिटेट होतं, ते रक्तात उतरतं आणि स्नायू तेच जाळायला घेतात. मग चरबी कशाला जाळतील? १९९९ साली बर्कलेच्या संशोधकांनी आठ निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे आपल्या ६० मिलीच्या मापानं जेमतेम सव्वा पेग. त्यानंतरचे काही तास त्यांच्या अंगातलं चरबी जाळणं ७३ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रयोगात दुसरी गोष्ट दिसली. प्यायलेल्या अल्कोहोलपासून यकृतात नवी चरबी बनली ती पाच टक्क्यांच्याही आत.

म्हणजे सांगलीकरांचे मित्र चुकतात, आणि त्यांच्याशी वाद घालणारेही चुकतात. ग्लासातली दारू पोटावर चरबी होऊन क्वचितच बसते. ती जळते, आणि आपण जळेपर्यंत दुसऱ्या कुणाला जळू देत नाही. साधारण माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. ६० मिलीचा एक पेग म्हणजे अडीच तास. आठ वाजता बसलात आणि तीन झाले, तर पहाटेपर्यंत हेच चालू. या वेळात ताटातून जे तेल-तूप आत गेलं ते सरळ कोठारात.

आणि ताटात काय असतं?

नाशिकच्या एका मित्राकडे मी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन बसलो होतो. त्याच्या बायकोनं हसून तो आणून दिला, त्याला मात्र ते अजिबात आवडलं नाही. ‘बसायला आलायस की तपासणीला?’ तो पेग अंदाजानं भरतो, ‘दोन बोटं’. मी त्याचं ‘दोन बोटं’ पाणी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजलं. ८० मिलीच्या वर निघालं. त्याच्या लेखी तो स्मॉल! मग चकणा. खारे शेंगदाणे एका वाटीत होते, भरलेले १०० ग्रॅम. त्याच्या म्हणण्यानं ‘टाइमपासला दोन दाणे’. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेसहाशे कॅलरी असतात, म्हणजे ६० मिलीचे चार पेग. पहिला ग्लास निम्मा व्हायच्या आत वाटीचा तळ दिसायला लागला होता. त्यामागून शेव-कांदा-लिंबू आली, मग तळलेला मसाला पापड, ज्याच्या एका बाजूनं तेल ताटलीत उतरत होतं, मग चिकन लॉलीपॉप. साडेअकराला बिर्याणी. त्या संध्याकाळी प्यायलेल्या दारूपेक्षा खाल्लेलं सहज तिपटीच्या वर होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं तर म्हणाला, ‘काल मी जेवलोच नाही धड.’ तो खोटं बोलत नव्हता. पानावर बसून जेवला नव्हता तो.

यात तो हावरट आहे असं नाही. जेवणाआधी घेतलेल्या ग्लासानं माणूस जास्त खातो हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. नेहमी अन्नातून कॅलरी पोटात गेल्या की भूक मंदावते. दारूच्या कॅलरी जातात आणि भूक उलट चाळवते. २०१७ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं, तर उपाशी असताना ज्या पेशी पेटतात त्याच अल्कोहोलनंही पेटत होत्या. उंदरांना बैठकीचं वातावरण नव्हतं, मित्र नव्हते, गाणी नव्हती. तरी ते जास्त खात होते. वरून मीठ. मिठानं तहान, तहानेला ग्लास, ग्लासाला दाणे. परमिट रूममध्ये खारे दाणे आणि चणे न मागता का येतात, ते मालकाला आपल्याआधी कळलेलं असतं.

आता मुलुंडच्या एका वाचक भगिनींची शंका, जी खरं तर सांगलीकरांच्या पत्राला छेद देते : ‘आमच्या चाळीत एक जण गेली कित्येक वर्षं रोज पितो. हाडाची काडं झालीत. दारूनं वजन वाढतं तर तो का नाही फुगला?’

याच प्रश्नानं चार्ल्स लीबर या डॉक्टरांना पछाडलं होतं. ते मूळचे बेल्जियमचे, न्यूयॉर्कला ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात आयुष्यभर दारू आणि यकृत हाच विषय घेऊन बसले. १९६८ साली त्यांनी आणि डी’कार्ली यांनी दाखवलं की यकृतात अल्कोहोल जाळायची दुसरीही एक वाट आहे. थोडं पिणाऱ्यात ती निजलेली असते, रोज भरपूर पिणाऱ्यात जागी होते. या वाटेनं जळताना शरीराच्या हाती कामाची ऊर्जा येत नाही, नुसती उष्णता होऊन निघून जाते. पुढे लीबर आणि पिरोला यांनी रुग्णालयात ठेवलेल्या माणसांना नेहमीच्या जेवणावर रोज २००० कॅलरींची दारू दिली. वजन म्हणावं तसं वाढलं नाही. तेवढ्याच कॅलरींचं चॉकलेट दिलं, तेव्हा वाढलं. म्हणजे ‘उडून जातात’ म्हणणाऱ्या मित्रांना थोडासा आधार इथे मिळतो, पण ज्या मुक्कामावर मिळतो तिथे कुणी जाऊ नये. मुलुंडच्या त्या माणसाची गोष्ट एवढीच नाही. तो जेवत नाही. खाल्लेलं आतड्यात नीट शोषलं जात नाही. स्नायूही झिजतात, म्हणून हातपाय काड्या दिसतात. आणि अशा माणसाचं पोट एकाएकी पुढे यायला लागलं तर ते सुटलेलं पोट नसतं. यकृत निकामी होत आल्यानं पोटात पाणी साठतं. त्या घरच्यांना डॉक्टरकडे जायला सांगा, आजच.

वजन उतरवणाऱ्यांकडे परत येऊ. अमेरिकेत मधुमेही, वजनदार माणसांवर ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. आहार-व्यायामाचा कडक कार्यक्रम त्यातल्या एका गटाला दिला होता. २०१९ साली त्या गटाचा हिशेब मांडला गेला : चार वर्षांत अजिबात न पिणाऱ्यांचं वजन सरासरी ५.१ टक्क्यांनी उतरलेलं राहिलं, सातत्यानं जास्त पिणाऱ्यांचं २.४ टक्क्यांनी. मधल्या थोड्या पिणाऱ्यांबद्दल इतकं ठामपणे बोलता येणार नाही, आणि मी बोलणारही नाही. सांगलीकरांना मी असं कळवलंय : आठवड्यातले दोन दिवस सोडायचे नसतील तर निदान उलटे करा. आधी साडेसातला घरी जेवा, वरण-भात-भाजी, पोटभर. मग ग्लास, मापानं, सोड्याबरोबर, आणि टेबलावर काकडी-गाजर. मित्र हसतील. हसू द्या. दाणे हवेच असतील तर मोजून मुठीत घ्या आणि वाटी आत पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहू नका. दारूनं लघवी जास्त होते, कारण मेंदूतून येणारं पाणी राखणारं संप्रेरक ती दाबते. सकाळी काटा अर्धा-पाऊण किलो खाली दिसू शकतो आणि माणूस खूश होतो. खाऱ्या चकण्याचा जोर जास्त असेल तर तोच काटा वर जातो आणि माणूस खचतो. दोन्ही वेळा हललं ते पाणी. तिसऱ्या दिवशी बघा.

एक धोका सांगायलाच हवा. कॅलरी ‘वाचवायच्या’ म्हणून काही जण दुपारपासून उपाशी राहतात आणि रिकाम्या पोटी बसतात. यकृत अल्कोहोलमध्ये गुंतलेलं असताना नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम थंडावतं. आधीच उपास, त्यात हे. रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, कधी मध्यरात्री, कधी दुसऱ्या सकाळी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांसाठी हा जिवावरचा खेळ आहे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही लक्षणं साखर उतरल्याची, आणि घरच्यांना वाटतं की जास्त झालीय, झोपू द्या. अशा वेळी ग्लुकोमीटरनं साखर बघा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या. नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

पुण्याच्या एका तरुणानं विचारलंय की संध्याकाळी जिम करून लगेच बिअर घेतली तर व्यायाम वाया जातो का. त्यावर ऑस्ट्रेलियात झालेला एक चांगला प्रयोग आहे, त्यासाठी पुढच्या वेळी सुरुवातीची जागा राखून ठेवतो. रात्रीचं उशिराचं जेवण त्यानंतर, या खेपेला नक्की.